पळस्पेकर

कमलाकरचं खरं आडनाव दातार. पण पनवेलपासून उरणपर्यंत हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात जाऊन दातार म्हणा, माणसं डोकं खाजवतील. पळस्पेकर म्हणा, की लगेच, "तो होय, बिजागरीवाला! येईल की आत्ता, पळस्प्याला पोचला असेल." आणि वर हसतील.

हसण्यासारखंच होतं ते. बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, कुलपं बनवणाऱ्या एका कंपनीचा हा विक्री प्रतिनिधी. पंचवीस-सव्वीस वर्षं झाली असतील, रोज सकाळी रोडपालीच्या घरातून स्कूटर काढायची आणि त्या दिवसाची लाइन धरायची. लाइन म्हणजे ठरलेला रस्ता आणि त्यावरची ठरलेली दुकानं. सोमवारी खोपोली, मंगळवारी उरणची बाजू, म्हणजे जासई, उरण आणि परतताना चिरनेर, बुधवारी पेण. हँडलला एक काळी बॅग अडकवलेली आणि तिच्यात एक वीतभर उंचीचा लाकडी दरवाजा, चौकटीसकट. दुकानात गेला की तो दरवाजा काउंटरवर मांडायचा, एका बोटानं ढकलायचा आणि म्हणायचा, "ऐका."

दुकानदार कान द्यायचा. काहीच ऐकू यायचं नाही.

"हेच ऐका," कमलाकर म्हणायचा. "कुरकुर आहे का कुठे? घरातल्या बाईची बंद करून दाखवा म्हणालात तर जमणार नाही, दाराची मात्र गॅरंटी."

तोच विनोद सव्वीस वर्षं. दुकानदार हसायचे, कारण विनोदापेक्षा माणूस बरा होता.

आता हे पळस्पे कुठून आलं, ते सांगायला हवं. पळस्पे फाटा म्हणजे पनवेलची वेसच. गोव्याकडून या, पुण्याकडून या, नाहीतर उरणच्या बंदराकडून, पळस्प्याला पोचलात की पनवेल आलंच. आणि फिरत्या माणसाला दिवसातून तीस वेळा एकच प्रश्न येतो, "कुठे आहात?" खरं सांगितलं, की बाबा अजून जासईला कंटेनरच्या रांगेत अडकलोय, तर दुकानदार शटर ओढून जेवायला जातो, आणि तेवढ्यात दुसऱ्या कंपनीचा माणूस ऑर्डर घेऊन पसार. म्हणून सगळेच काहीतरी सांगतात. कुणी म्हणतो पार्किंगला जागा बघतोय, कुणी म्हणतो सिग्नलला आहे. कमलाकरचं ठरलेलं, "हा काय, पळस्प्याला पोचलोय. आलोच पंधरा मिनिटांत." खोटं बोलावं पण रेटून बोलावं! स्कूटर कुठेही असो, तोंड पळस्प्याला. कामोठ्याच्या विनायकशेठनं शेवटी त्याचं बारसंच करून टाकलं. "या पळस्पेकर!" म्हणाला, आणि ते नाव साऱ्या लाइनला पसरलं. कुणी रागवायचं नाही. पळस्पे म्हणजे तासभर, हे दुकानातल्या हमालालासुद्धा पाठ होतं.

एकट्या कुमुदला हे पळस्पे चालायचं नाही. कुमुद म्हणजे त्याची बायको. सई, त्यांची एकुलती एक मुलगी, पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी यानं तोंडातल्या सवयीनं घरीही पळस्पे ठोकून दिलं. कुमुदनं थालीपीठ तव्यावर टाकलं. साहेब उगवले दोन तासांनी. थालीपिठाची झाली होती वहाण. ती भांडली नाही. ताट वाढलं आणि समोर बसून म्हणाली, "ते पळस्पे तुमच्या दुकानदारांना सांगा. मला जिथे असाल त्या गावाचं नाव सांगायचं. उशीर झाला म्हणून मी कधी रागावणार नाही. पण वाट बघायची तर खरी बघू द्या."

कमलाकरनं जेवता जेवताच तिला तसा शब्द दिला. त्या दिवसापासून कमलाकरनं तो नेम पाळला. जगाशी खोटं आणि कुमुदशी खरं. "कंटेनरच्या शेपटाला आहे गं, तू जेवून घे." "पेणलाच आहे, आठ वाजतील." ती म्हणायची, "बरं. सावकाश या." वीस वर्षांत एकदाही चुकला नाही. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? तर साहेब, ज्याला रोज तीस जणांना थापा मारून पोट भरायचंय, त्यानं एका माणसाशी इतकं सांभाळून राहायचं, हे मला तरी मोठं वाटतं.

मागच्या वर्षीच्या त्या मंगळवारी कमलाकर चिरनेरला दाजींच्या दुकानात होता. नव्या विमानतळाच्या धामधुमीत जमिनींना भाव आला आणि चिरनेरला तीन-तीन मजली बंगले उठायला लागले. दाजी म्हातारा आगरी माणूस, एकेकाळी मिठागरावर राबलेला, आता दुकानात खुर्ची टाकून बसतो. एका मोठ्या बंगल्याच्या सगळ्या दरवाजांचं सामान त्याच्याकडून जायचं होतं, आणि कमलाकर वहीत लिहून घेत होता. शेजारी फरशी कापायचं मशीन किंचाळत होतं. कानठळ्या बसत होत्या.

"चार इंची किती लिवल्यास?" दाजी ओरडून विचारत होते.

तेवढ्यात फोन वाजला. कमलाकरनं नाव बघितलं नाही. एका हातात पेन, एका हातात बिजागरी, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला. मशीनच्या आवाजात एवढंच ऐकू आलं, "कुठे आहात?"

"हा काय, पळस्प्याला पोचलोय," तो म्हणाला. "आलोच पंधरा मिनिटांत."

"बरं," पलीकडून आलं. मशीन क्षणभर थांबलं होतं, म्हणून पुढचा शब्द स्वच्छ ऐकू आला. "या."

त्या एका 'या'नं त्याला कळलं. फोन खाली घेऊन बघतो तर पडद्यावर 'घर'.

अरे देवा, तो मनात म्हणाला. कुमुदला पळस्पे सांगितलं! लगेच उलट फोन करावा म्हणून त्यानं बोट उचललंसुद्धा. पण दाजी म्हणाले, "आता लिव बाबा पटापटा, माना पन जेवाया जायाचा हाय." कमलाकरला वाटलं, कोथिंबीर नाहीतर दूध आणा म्हणून केला असेल. पाच मिनिटांत ऑर्डर संपवू आणि मग सांगू, की चुकलं बाई, चिरनेरला आहे. हसेल ती. पळस्पेकर म्हणेल. पाच मिनिटांची वीस मिनिटं झाली. मग चहा आला. त्यानंतर जासईच्या दुकानात राहिलेला एक नमुना द्यायचा होता, म्हणून तो त्या रस्त्यानं निघाला, आणि ट्रेलरच्या रांगेत सापडला. जीभच अशी मेली, की एकदा सटकली की मागे घ्यायला कुणाला वेळ नसतो.

त्या रांगेतच समीक्षाचा फोन आला. समीक्षा म्हणजे समोरच्या ब्लॉकमधली, एका शाळकरी पोराची आई, बँकेत आहे, त्या दिवशी रजेवर होती. "काका, कुठे आहात?" ती रडत होती. "काकूंना घेऊन आम्ही हॉस्पिटलला आलोय."

त्याला पोचायला सव्वा तास लागला. तोवर सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा-पाऊण तास आधी आणायला हवं होतं. डॉक्टर चांगला होता, दोष द्यायच्या सुरात म्हणाला नाही.

मग समीक्षानं सांगितलं. पाऊण वाजता ती कचरा ठेवायला बाहेर आली, तर काकूंचं दार सताड उघडं. काकू दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या. बाहेर जायची साडी नेसलेली, मांडीवर पर्स आणि जुन्या रिपोर्टांची फाइल. चेहरा पांढरा पडलेला. "मी म्हटलं, काकू, काय होतंय? रिक्षा आणू का खालून? तर म्हणाल्या, नको गं, छातीत जरा भरून आलंय, पण हे पळस्प्याला पोचलेत, पंधरा मिनिटांत येतील. त्यांच्याबरोबरच जाते. मी म्हटलं बरं, आणि पोराला शाळेतून आणायला गेले. परत आले तर काका..." पुढचं तिला बोलता येईना. "तुम्ही तर पळस्प्यालाच होतात ना हो! कसं नशीब बघा."

कुणीतरी मागून म्हणालं, "पळस्प्याला आज ट्रेलर आडवा झाला असेल. रोजचंच आहे तिथलं."

कमलाकरनं मान हलवली.

एवढंच. तोंडातून शब्द काढला नाही, नुसती मान हलवली. पण सव्वीस वर्षांतल्या सगळ्या थापा एका पारड्यात टाका आणि ती मान दुसऱ्यात, तरी मानेचंच पारडं खाली जाईल. संध्याकाळी महाडहून सई आली. सई तिथे सासरी असते. आईजवळ बसून रडून झाल्यावर तिनं बापाकडे बघून विचारलं, "पळस्प्याहून एवढा वेळ लागला, बाबा?" तेव्हाही त्यानं मान हलवली. म्हणाला, "ट्रेलर आडवा होता." बघा, आता शब्दही जुळून आले.

तेव्हापासून कमलाकर पार बदलला. माणूस खंगला, हे झालंच, पण त्याचं पळस्पे गेलं. फोन वाजला की आधी दोनदा नाव वाचायचा. आणि कुणी विचारलं कुठे आहात, की खरं गाव सांगायचा. "अजून जासईलाच आहे. दीड तास लागेल." दुकानदार गोंधळून जायचे. कामोठ्याचा विनायकशेठ एकदा वैतागून म्हणाला, "अहो, थोडं खोटं तरी बोला की दातार! ऐकायला बरं वाटतं." दातार म्हणाला तो. पळस्पेकर हे नाव कमलाकरच्या तोंडाकडे बघून आपोआप गळून पडलं होतं. ऑर्डरी जायला लागल्या, वरचा साहेब उदयसिंह फोनवर झापायला लागला. कमलाकर ऐकून घ्यायचा.

आणि फाटा टाळायचा. पेणची लाइन त्यानं सोडून दिली, खोपोलीची दुसऱ्याला दिली. उरणहून परतताना उलव्यावरून बेलापूरला वळसा घालून घरी यायचा. एवढा लांबून का, म्हणून साहेबानं विचारलं, तर म्हणाला, रस्ता चांगला आहे. पळस्प्याच्या पुलाखालून वर्षभरात तो एकदाही गेला नाही. दुपारी कधी बारा-साडेबाराला स्कूटर बाजूला घेऊन तसाच बसून राहायचा. डोळ्यांसमोर एकच चित्र, उघडं दार आणि त्यात नेसून-सवरून बसलेली बाई. सव्वीस वर्षं दारांच्या बिजागऱ्या विकल्या त्यानं, आणि त्या एका दारात वेळेवर पोचता आलं नाही. रडायचा. मग डोळे पुसून पुढच्या दुकानात जायचा आणि तो वीतभर दरवाजा काउंटरवर मांडायचा. "ऐका" म्हणणं मात्र सुटलं.

सगळ्यांत जास्त त्याला सईशी बोललेलं खोटं खात होतं. ती रोज संध्याकाळी फोन करायची, जेवलात का, गोळी घेतलीत का विचारायची. रोज तो ठरवायचा, आज सांगतो. सांगतो, की सई, मी चिरनेरला होतो. आणि रोज वाटायचं, आई तर गेलीच, आता हे सांगितलं तर मुलगीही जाईल. बाप म्हणून जे काय उरलंय तेही जाईल. मग म्हणायचा, "हो, घेतली गोळी."

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळीच सईचा फोन आला. "बाबा, मी एसटीनं येतेय. पळस्पे फाट्याला उतरते, तिथे घ्यायला या. बारापर्यंत पोचेन."

"पनवेल स्टँडपर्यंत ये ना," तो म्हणाला.

"कशाला? फाट्यावरून सरळ घरी जाऊ."

काय सांगणार? कमलाकर दहा वाजताच जाऊन उभा राहिला. ऊन चटके देत होतं. पुलाखाली रिक्षा, उसाचा रस, पुण्याच्या गाड्यांना हाका मारणारे एजंट, आणि डोक्यावरून धाडधाड जाणारे कंटेनर. वर्षानुवर्षं ज्या जागेचं नाव घेऊन तो जगला, तिथे तो असा दोन तास कधी उभा राहिला नव्हता. आज खरोखर पळस्प्याला पोचलो, असं त्याच्या मनात आलं.

बाराला सई उतरली. हातात पिशवी, पिशवीत आईच्या आवडीचं म्हणून कुळथाचं पीठ आणि सांडगे. बापाला वाकून नमस्कार केला आणि स्कूटरकडे न जाता तिथेच उभी राहिली.

"बाबा, मला एक विचारायचंय. घरी नको, आईच्या फोटोसमोर नको. म्हणून मुद्दाम इथे उतरले."

कमलाकरनं स्कूटरची चावी परत खिशात टाकली.

"त्या दिवशी आईनं मलाही फोन केला होता," सई म्हणाली. "तुमच्याशी बोलल्यावर लगेच. म्हणाली, छातीत कळ येतेय. मी म्हटलं, समीक्षाला हाक मार, आत्ताच्या आत्ता निघ. म्हणाली, हे पळस्प्याला पोचलेत. मी म्हटलं, आई, अगं बाबांचं पळस्पे! तुला माहीत नाही का त्याचा अर्थ? तर चिडली माझ्यावर. म्हणाली, ते दुकानदारांना सांगतात गं. मला नाही सांगत. मला त्यांनी आजवर खोटं गाव सांगितलं नाही."

कमलाकरनं स्कूटरचं सीट धरलं.

"मी म्हटलं, थांब, मीच बाबांना फोन करून विचारते. तर नको म्हणाली. स्कूटरवर असतील, फोन घ्यायला जातील आणि पडतील. गप्प बस, आत्ता येतील." सईचा आवाज फाटला. "आणि मी गप्प बसले. वर्ष झालं बाबा. कधी वाटतं, मी तुमच्यावर उगाच संशय घेतला. कधी वाटतं, तिचं न ऐकता फोन करायला हवा होता. रात्रंदिवस हेच. तुम्हीच सांगा आता. तुम्ही खरंच इथे होतात?"

एक 'हो' म्हणायचं होतं. तयार शब्द होता, जिभेवर बसलेला, सव्वीस वर्षं मुरलेला. हो म्हटलं असतं तर मुलगी राहिली असती, आणि कुमुदचं म्हणणंही खरं राहिलं असतं. पण कुमुदला त्यानं शब्द दिला होता खऱ्या गावाचा, आणि आज विचारत होती तिचीच मुलगी.

"चिरनेरला होतो," कमलाकर म्हणाला. "दाजींच्या दुकानात. मशीन चालू होतं. तुझ्या आईचा फोन आहे हे मी बघितलंच नाही गं. मला वाटलं कुणी दुकानदार. तोंडातून गेलं. नंतर कळलं, तेव्हा म्हटलं करतो पाच मिनिटांत फोन. नाही केला." मग त्याला सांगावंच लागलं, "ट्रेलर वगैरे काही आडवा नव्हता इथे. मी खोटं बोललो."

सईनं तोंड फिरवलं. ती पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांकडे बघत उभी होती. खांदे हलत होते. कमलाकरनं हात पुढे केला आणि परत घेतला.

"वर्षभर का नाही सांगितलंत?" ती तिकडे बघूनच म्हणाली. "मी एकटी जळत होते बाबा. निदान दोघं मिळून तरी रडलो असतो."

कमलाकरनं रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

फोन वाजला. त्यानं खिशातून काढला, दोनदा नाव वाचलं, पण उचलला नाही. सईनं तो घेतला. विनायकशेठ. तिनं स्पीकर लावून फोन बापासमोर धरला.

"काय हो, कुठे आहात?" विनायकशेठचा मोठा आवाज फाट्यावर घुमला. "माल संपलाय माझा."

सई बापाकडे बघत होती.

"पळस्प्याला," कमलाकर म्हणाला.

पलीकडे विनायकशेठ असा खदखदून हसला, की म्हणता सोय नाही. "आलं! आलं बुवा तुमचं पळस्पे परत! वर्ष झालं हो ऐकून. बरं वाटलं, पळस्पेकर, खरंच बरं वाटलं. चला, म्हणजे मी निवांत जेवून घेतो."

सईनं फोन बंद केला आणि त्याच्या खिशात ठेवला. पिशवी हँडलला अडकवली, मागे बसली, आणि लहानपणी धरायची तसा त्याचा शर्ट पाठीवर मुठीत धरला. कमलाकरनं स्कूटर सुरू केली. पुलाखालून निघाली ती पनवेल, मग कळंबोलीचा सर्कल, मग रोडपालीचं वळण. सिग्नल मोकळे मिळाले, कुठे काही अडलं नाही. सोसायटीच्या जिन्यात पोचल्यावर कमलाकरनं घड्याळ बघितलं.

बरोबर पंधरा मिनिटं लागली होती. दाराला कुलूप होतं. सईनं चावी मागितली, त्यानं दिली.